सातवं छिद्र कोणाला हवं?

कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीहून पट्टणकोडोली काही लांब नाही. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत ढोल-कैताळांच्या गजरात बासऱ्या विकायला आलेला माणूस दिसतो, पोरगं हट्ट धरतं आणि एक बासरी घरी येते. थोडे दिवस ती वाजते, आणि मग कुणीतरी जाणता सल्ला देतो : “आता सात भोकांची घे की! सहावाली अपुरी पडते.” सल्ला देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण माहिती अर्धवट असते.

सगळ्यात रुळलेला समज असा की, स्वर सात म्हणून छिद्रंही सात हवीत. ऐकायला पटतं, पण बासरी तशी चालत नाही. आपल्या आडव्या बासरीवर सहाही छिद्रं झाकून हलकं फुंकलं की मंद्र पंचम लागतो. खालून एकेक बोट उचलत गेलं की धैवत, निषाद, आणि वरची तीनच झाकलेली राहिली की षड्ज. पुढे रिषभ, गंधार, आणि सगळी बोटं उचलली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी पहिलं छिद्र अर्धं झाकायचं. कोमल स्वरही असेच अर्ध्या बोटाने काढायचे. म्हणजे सहा छिद्रांतून बाराही स्वर निघतात. कुठलाच स्वर कमी पडत नाही.

मग सातवं कशासाठी? खरी गोम मध्यम आणि पंचमाच्या मध्ये आहे. तीव्र मध्यमाला सहाही बोटं वर असतात आणि त्याच्या लगेच वरच्या पंचमाला सहाही खाली, शिवाय फुंकही बदललेली. यमन गाणारा या दोन स्वरांमधून अलगद घसरत जातो. बासरीवाल्याला मात्र तिथे उडी मारावी लागते, आणि ती ऐकू येते. नळी थोडी लांब ठेवून खाली सातवं छिद्र पाडलं आणि ते करंगळीने झाकलं, तर सूर पंचमाच्याही खाली, तीव्र मध्यमावर उतरतो. सातही झाकून जोर वाढवला की तोच तीव्र मध्यम वरच्या सप्तकात मिळतो, आणि करंगळी हळूच सरकवली की पंचम. ती अलगद घसरण, म्हणजे मींड, जमली!

हे छिद्र रूढ केलं ते पन्नालाल घोष यांनी. जन्म 1911 चा, बारीसालचा. 1940 मध्ये ते मुंबईला आले, 1947 पासून उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकले, 1960 मध्ये गेले. लोकसंगीतात आणि साथीला वाजणाऱ्या या वाद्यावर त्यांना ख्याल वाजवायचा होता, गळ्यातून येतो तसा. त्यासाठी त्यांनी सुमारे 32 इंची लांब बासरी घडवली. ज्या कोल्हापूरने शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेबांची गायकी ऐकली, तिथल्या माणसाला ही धडपड वेगळी समजावून सांगायला नको.

पण यावरून ‘सातवाली म्हणजे वरच्या दर्जाची’ असं ठरवणारे चुकतात. देवेंद्र मुर्डेश्वर, नित्यानंद हळदीपूर, केशव गिंडे ही पन्नालालबाबूंची परंपरा सात छिद्रांची; हरिप्रसाद चौरसिया मात्र सहाचीच वाजवतात. त्यांना अपुरं पडलं असं म्हणायची छाती कुणाची होईल? शिवाय रागही पाहायला हवा. यमनात करंगळीला काम आहे. भूपात मध्यमच नाही. भीमपलासात मध्यम शुद्ध. सातव्या छिद्राने मिळतो तो तीव्र. भजनं, भावगीतं आणि सिनेमातल्या चाली वाजवायच्या असतील तर माझ्या मते सहाची बासरी घ्यावी आणि उरलेले पैसे ती चांगल्या कारागिराची घेण्यात घालावेत.

खरेदीत फसगत होते ती मोजण्यात. बऱ्याच लांब बासऱ्यांना शेपटाकडे एक जादा छिद्र असतं. ते पंचम नेमका जुळवण्यासाठी कारागिराने पाडलेलं असतं, बोटासाठी नव्हे. करंगळी तिथवर पोचतच नाही. तोंडाचं एक, बोटांची सहा आणि हे एक धरून ‘आठ छिद्रांची’ म्हणून बासरी गळ्यात मारणारे भेटतात. मोजायची ती फक्त बोटांखालची. (कर्नाटकी वेणूला बोटांची आठ छिद्रं असतात खरी, पण तिची बोटं ठेवायची रीतच निराळी.)

आणि घरच्या बासरीला तापल्या सळईने सातवं भोक पाडायचा उद्योग करू नका. नळीच्या शेवटाने पंचम ठरला असेल, तर त्याच्या अलीकडे पाडलेल्या छिद्राने तोच पंचम चढतो; खालचा स्वर मिळत नाही. त्यासाठी नळीच लांब लागते.

दूर आयर्लंडातल्या टिन व्हिसलचीही हीच कथा आहे. पत्र्याच्या त्या उभ्या शिट्टीला सहा छिद्रं. काही कारागीर मागच्या बाजूला अंगठ्यासाठी आणखी एक पाडतात, कोमल निषाद स्वच्छ लागावा म्हणून. एरवी तोच स्वर मधली छिद्रं झाकून, पहिलं उघडं ठेवून काढतात. तिथेही जादा छिद्र म्हणजे एका विशिष्ट अडचणीवरचा उपाय, एवढंच.

तरी घ्यायचीच असेल तर दुकानात हात लावून पाहा. सातवं छिद्र सरळ रांगेत नसतं, करंगळीच्या बाजूला कललेलं असतं. म्हणून डावखुऱ्याने उजव्या हाताची घेऊ नये. सहाच्या सरळ रांगेत ही अडचण येत नाही. सहा झाकून, सातवं उघडं ठेवून पंचम वाजवा, खाली आणि वर. मग करंगळी ठेवा आणि निघालेला तीव्र मध्यम सगळी बोटं उचलून येणाऱ्या तीव्र मध्यमाशी ताडून पाहा. खालचा आणि वरचा जुळायला हवा. बासरी आधी फुंकून गरम करा, कारण हवा 10 अंशांनी तापली तर सूर जवळपास 30 सेंटनी, म्हणजे लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराच्या तिसऱ्या हिश्श्याने चढतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाची करंगळी 30 इंची बासरीच्या सातव्या छिद्रापर्यंत बहुधा पोचत नाही. त्याला आखूड, सहा छिद्रांची, सुरात जुळलेली बासरी द्या.