वायरमनचा परवाना कशासाठी?

घरात वीज घ्यायची ठरली, की आपण पहिला प्रश्न विचारतो, "खर्च किती येईल?" मग गावातला एखादा हुशार पोरगा येतो. दोन दिवसांत तारा ओढतो, बोर्ड ठोकतो, बटण दाबतो. दिवा लागतो. घरची माणसे देवापुढे साखर ठेवतात. काम झाले!

पण दिवा लागला म्हणजे काम बरोबर झाले का? नाही. चुकीच्या कामातही दिवा लागतो. विजेची सगळी गोम इथेच आहे.

गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर डोळ्यांना दिसते. शिंप्याने सदरा आखूड शिवला तर अंगात घालताच कळते. वायरमनने काय केले, ते मात्र भिंतीत आणि बोर्डाच्या आत झाकलेले असते. ते कसे, हे आपण थोडे समजून घेऊ.

घरात दोन तारा येतात. एक फेज आणि दुसरी न्यूट्रल. वीज फेजने येते, दिव्यातून जाते आणि न्यूट्रलने परत फिरते. बटण नेहमी फेजच्या तारेवर हवे. कच्चा कारागीर ते न्यूट्रलवर बसवतो. तरीही बटण बंद केले की दिवा विझतो. घरच्यांना वाटते, वीज बंद झाली. पण होल्डरमध्ये करंट तसाच उभा असतो. दिवा बदलायला कोणी स्टुलावर चढला आणि त्याचे बोट आत लागले, तर काय होईल ते सांगायला नको.

तिसरी तार अर्थिंगची. ही यंत्राच्या लोखंडी अंगाला जोडतात आणि घराबाहेर खड्ड्यात पुरलेल्या नळीपर्यंत नेतात. खड्ड्यात ओल राहावी म्हणून कोळसा आणि मीठ घालतात. यंत्राच्या आतली तार सोलून लोखंडाला टेकली, तर वीज या वाटेने जमिनीत निघून जाते आणि फ्यूज उडतो. माणूस वाचतो.

आता लबाडी कशी होते पाहा. खड्डा खणायचा कंटाळा आणि तारेचा खर्च नको. म्हणून तीन पिनांच्या बोर्डामध्येच अर्थिंगचे भोक आणि न्यूट्रल यांना तारेचा एक तुकडा जोडून देतात. कूलर चालतो, मिक्सर चालतो, कोणाला काही कळत नाही. वर्ष जाते, दोन वर्षे जातात. मग एके दिवशी वाऱ्याने खांबावरची न्यूट्रल तुटते. वीज परत फिरायची वाट बंद झाली. ती त्या तुकड्यातून कूलरच्या पत्र्यावर येते. उन्हाळ्याचे दिवस, खाली ओली फरशी, पायांत चप्पल नाही. त्या पत्र्याला हात लागला की जीव धोक्यात.

"पण फ्यूज आहे ना?" असे पुष्कळ लोक आम्हांला विचारतात. फ्यूज तार जळू नये म्हणून असतो. माणसासाठी तो पुरत नाही. साठ वॉटचा जुना दिवा सुमारे पाव अँपिअर वीज घेतो. त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढी वीज छातीतून गेली तरी माणूस दगावू शकतो. एवढ्याशा विजेने पाच अँपिअरचा फ्यूज हलतसुद्धा नाही. त्यासाठी ई.एल.सी.बी. नावाची पेटी वेगळी बसवावी लागते. घरासाठीची पेटी 30 मिलिअँपिअर वीज वाट सोडून गेली, की क्षणात सगळी वीज तोडते.

हे सगळे घरधन्याला तपासता येत नाही. म्हणून सरकार कारागिराला तपासते. परवान्याचा अर्थ एवढाच. 1956 च्या भारतीय वीज नियमांत ही अट होती. पुढे 2003 चा वीज कायदा आला. त्याखाली 2010 आणि 2023 साली सुरक्षेचे नवे नियम झाले. त्यांतही ही अट कायम आहे. घरातले विजेचे काम सरकारी परवाना असलेल्या कंत्राटदारानेच घ्यायचे. त्यावर प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाने जातीने देखरेख ठेवायची. आणि ज्याचा हात तारेला लागणार, त्या वायरमनजवळही स्वतःचा परवाना हवा. सरकारी कागदात वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात. महाराष्ट्रात हे परवाने अनुज्ञापक मंडळ देते.

मग साधा दिवा बदलायलाही परवाना लागतो का? नाही. दिवा, फ्यूज, बटण, पंखा जुना काढून तसाच नवा बसवायला नियमाने मोकळीक आहे. मात्र मेन स्विच आधी बंद करावा. नवी तार ओढणे, गोठ्यात दिवा नेणे, घरातून मोटरीला जोड देणे ही कामे परवान्याची.

लाइनमनकडून काम करून घेण्याचीही गावात चाल आहे. मीटरपर्यंतची वीज महावितरणची. मीटरच्या पुढची जबाबदारी आपली. लाइनमन खांबावर चढतो, म्हणून घरातल्या कामाचा परवाना त्याच्याजवळ असतोच असे नाही.

आता खरी अडचण सांगतो. नवी जोडणी मागताना परवानाधारक कंत्राटदाराच्या सहीचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. लोक त्याला 'टेस्ट रिपोर्ट' म्हणतात. तो लिहिण्याआधी मेगर नावाच्या यंत्राने तारा तपासायच्या असतात. नळाच्या पाइपात पाणी भरून गळती पाहतात ना, तसेच हे. 500 व्होल्टचा दाब देऊन तारेच्या आवरणातून वीज गळते का ते पाहतात. अर्थिंगही पाहायचे असते. पण कित्येक ठिकाणी काम गावातला पोरगा करतो आणि तालुक्याला बसलेला कंत्राटदार घर न पाहताच सही देतो. घरधनी पैसे मोजतो आणि कागद घेऊन येतो. सरकारचा नियम कागदावर पाळला गेला. घरात तो तारेचा तुकडा तसाच राहिला.

परवाना नसलेले चांगले कारागीर आम्ही पाहिले आहेत आणि परवाना असलेले आळशीही पाहिले आहेत. तरी परवाना मागावाच. कारण त्या माणसाला जाब विचारता येतो. गावातल्या पोराचा हात चांगला असेल, तर त्यानेही आय.टी.आय.मध्ये तारतंत्री किंवा विजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यास करावा आणि परवाना काढावा. त्याच्याच पोटापाण्याची सोय होईल.

काम देण्याआधी परवाना पाहायला मागा. यात लाजण्यासारखे काही नाही. नाव वाचा, क्रमांक वाचा, मुदत कधी संपते ती तारीख वाचा. क्रमांक आपल्या वहीत उतरवून घ्या. "सही करणार ते साहेब घर पाहायला केव्हा येणार?" असे स्पष्ट विचारा. ते येतील त्या दिवशी घरी थांबा. मेगर लावला का ते पाहा. अर्थिंगची तार खड्ड्यापर्यंत गेली आहे की नाही, ते स्वतः चालत जाऊन पाहा. सगळे झाल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

कामात खोट दिसली, तर जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षकाच्या कार्यालयात लेखी अर्ज करता येतो. विजेने अपघात झाला तर चौकशीही हेच खाते करते. तेव्हा काम कोणी केले, तपासले कोणी, हे विचारले जाते. म्हणून टेस्ट रिपोर्टची एक प्रत मागून घ्यावी आणि रेशनकार्ड ठेवता त्याच पिशवीत ठेवावी.