पडदा विझतो, वीज विझत नाही!

१९७२ सालची गोष्ट. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सनीव्हेल नावाचे गाव आहे. तेथल्या अँडी कॅप्स टॅव्हर्न या मद्यगृहात अटारी कंपनीने एक नवलाची पेटी आणून ठेवली. नाणे टाकावे आणि काचेवरचा चेंडू दोघांनी इकडून तिकडे टोलवावा, असा तो 'पाँग' नावाचा खेळ! थोड्याच दिवसांत निरोप आला, "यंत्र बंद पडले आहे." ज्याने ते बनवले होते तो तरुण इंजिनियर ॲलन अलकॉर्न लगबगीने गेला. पेटी उघडतो तो काय? यंत्र ठणठणीत होते. नाण्यांचा डबा इतका काठोकाठ भरला होता, की नव्या नाण्याला जागाच उरली नव्हती!

दुरुस्तीच्या नादी लागणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बिघाड पुष्कळदा अगदी साध्या जागी असतो. शिवाय साध्या जागा आधी पाहणाऱ्याच्या जिवालाही धोका कमी.

त्या पाँगच्या पोटात पडदा म्हणून एक कृष्णधवल दूरचित्रवाणी संचच बसवला होता. योगायोग पाहा, त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि तशीच काचेची पिक्चर ट्यूब आपल्या दिवाणखान्यांतही येऊ लागली. पुढे १९७८चा 'स्पेस इन्व्हेडर्स' आला, १९८०चा 'पॅक-मॅन' आला. साऱ्यांचा पडदा म्हणजे हीच काचेची नळी. आज पडदे पाटीसारखे चपटे झाले आहेत आणि घरगुती संचांच्या त्या नळ्यांचे उत्पादन थांबले आहे. तरी ही जुनी यंत्रे जिवापाड जपणारे हौशी लोक जगभर आहेत. त्यांच्यावर एक दिवस तो प्रसंग येतोच. बटण दाबले, पण पडदा काळा ठिक्कर!

आधी कान, मग डोळे, शेवटी हात

अशा वेळी उतावीळ माणूस पहिल्यांदा पेचकस शोधतो. शहाणा माणूस कान देतो. खेळाचा आवाज येतो आहे काय? येत असेल तर खेळ चालवणारा बोर्ड बहुधा शाबूत आहे आणि संशय पडद्यावर जातो. आवाज नाही आणि दिवेही नाहीत, तर भिंतीतला प्लग, त्याची दोरी आणि मुख्य फ्यूज पाहावा. पुष्कळ पेट्यांच्या मागच्या दाराला एक सुरक्षा-बटण असते. दार नीट बसले नाही की ते वीज तोडते. दार दाबून बसवताच 'मेलेले' यंत्र उठून बसल्याची उदाहरणे काही थोडी नाहीत.

मग खोलीत अंधार करावा आणि मागच्या हवेच्या फटींतून नळीच्या मानेकडे बघावे. तेथे नारिंगी निखारा दिसतो काय? अनेक रंगीत पडद्यांत या निखाऱ्याला वीज मिळते ती फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मरकडून. आपले टीव्ही मेकॅनिक त्यालाच ईएचटी म्हणत. तेव्हा निखारा दिसला तर तो भाग काम करतो आहे असे समजावे आणि प्रकाश कमीजास्त करणारी कळ किंवा चित्र आणणारी तार तपासावी. निखारा नसेल तर वीज तेथवर पोहोचतच नाही. पडद्यावर नुसती एक आडवी रेघ दिसली, तर चित्र उभे पसरवणारा भाग बिघडला आहे. अशा वेळी प्रकाश ताबडतोब मंद करावा, नाहीतर ती रेघ काचेवर कायमची जळून बसते.

सुंभ जळाला तरी पीळ

आता पेटी उघडायची वेळ आली. प्लग काढला म्हणजे भीती संपली, असे पुष्कळांना वाटते. खरी मेख येथेच आहे!

आपल्या घरात वीज येते २३० व्होल्टची. १९ इंची रंगीत नळीला मात्र सुमारे २० हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब लागतो. नळीच्या काचेला आतून आणि बाहेरून वीजवाहक थर दिलेला असतो. शाळेच्या पुस्तकातली लायडनची बरणी आठवा. दोन थर आणि मध्ये काच! ही नळी म्हणजे तशीच बरणी. प्लग काढल्यावरही ती आपली वीज तासन् तास, कधी काही दिवससुद्धा धरून ठेवते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. बोर्डावरचा मोठा कंडेन्सरही वीज साठवतो, हे वेगळेच.

म्हणून जाणते कारागीर प्रथम नळी रिकामी करतात. प्लग काढलेला. अंगठी, घड्याळ उतरवलेले. डोळ्यांवर चष्मा. जाड मुठीच्या लांब पेचकसाला तार बांधून तिचे दुसरे टोक आधी नळीच्या बाहेरच्या उघड्या अर्थिंगच्या तारेला चिमट्याने जोडतात. मग एकच हात पुढे करून पेचकसाचे टोक रबरी टोपीखाली सरकवतात आणि आतल्या धातूला टेकवतात. चट् असा आवाज होतो, कधी होतही नाही. दुसरा हात पाठीमागे, कारण एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वीज छातीतून जाते. काही मिनिटांनी हाच प्रयोग पुन्हा करतात, कारण काच मुरलेली वीज हळूहळू परत देते. हे कसब लेख वाचून हाती घेऊ नये. जाणकाराच्या शेजारी उभे राहून शिकावे. आणि पुढेही एकट्याने करू नये.

धक्क्याइतकाच धोका त्याने मागे हिसडणाऱ्या हाताचा. नळीत निर्वात पोकळी असते आणि तिची मान बोटाने मोडेल इतकी नाजूक. ती मोडली की नळी गेली, आणि आता तशी नवी मिळणे कठीण!

फ्यूजची साक्ष

फ्यूज उडालेला असेल तर त्याला साक्षीदार समजावे. जाड तार गुंडाळून त्याचे तोंड बंद करणे हा शुद्ध वेडेपणा. त्याच मापाचा नवा फ्यूजही लगेच उडाला, तर पुष्कळदा हॉरिझॉन्टल आऊटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेला असतो. तो वीज बंद असताना मीटरने तपासता येतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ट्रान्सफॉर्मरच्या पायांशी पडलेले ड्राय सोल्डर आणि सुकलेले कंडेन्सर हे पुढचे नेहमीचे आरोपी. आणखी एक गोष्ट. अनेक अमेरिकी पडद्यांना मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतोच. तो वगळून टेबलावर पडदा सरळ प्लगला जोडला, तर त्याचा धातूचा सांगाडाच जिवंत होऊ शकतो.

जुन्या पॅक-मॅनच्या काचेवर कधी कधी वीज बंद असतानाही तो चक्रव्यूह पुसट दिसतो. रोज तेच चित्र दाखवून दाखवून ते काचेवर जळून बसलेले असते. ज्या नळीने इतकी वर्षे मुलांचे डोळे खिळवून ठेवले, ती वाचवण्याची हौस कोणाला वाटणार नाही? जरूर वाचवावी. पण पेटी उघडण्यापूर्वी नाण्यांचा डबा भरलेला नाही ना, हे पाहावे. आणि उघडल्यावर आतली वीज मेली आहे, असे मात्र कधीही मानू नये.