वरच्या साखळीबाहेरील फुटबॉल

इंग्लंडांतील फुटबॉलविषयीं आमच्या शाळेंतील मुलांस बरीच माहिती असते. परंतु ती दहापंधरा श्रीमंत संघांच्या पलीकडे सहसा जात नाहीं. मँचेस्टर, लिव्हरपूल व लंडन येथील बड्या संघांचीं नांवें मुलें पाढ्यांप्रमाणें म्हणून दाखवितात. त्या संघांच्या खालीं शेंकडों लहान संघ दर शनिवारीं खेळत असतात, त्यांच्या मैदानाभोंवतीं कधीं दोनशें तर कधीं दोन हजार माणसें उभीं असतात, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. अशा लहान संघांचा हंगाम कसा जातो, आणि आपल्या महाराष्ट्रांत त्याच्याशीं जुळणारें असें कांहीं आहे काय, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

इ. स. १८८८ सालीं बारा संघांनीं मिळून तिकडे ‘फुटबॉल लीग’ स्थापन केली. ती वाढत वाढत १९५० सालापासून ९२ संघांची झाली. पुढें १९९२ सालीं वरच्या श्रेणीनें वेगळी चूल मांडून ‘प्रीमियर लीग’ केली, तरी एकंदर संख्या ब्याण्णवच राहिली. या ब्याण्णवांच्या बाहेर जे संघ आहेत त्यांस तिकडे ‘नॉन-लीग’, म्हणजे लीगबाहेरचे, असें म्हणतात. या लोकांस आंत येण्याचा दरवाजा फार दिवस जवळजवळ बंदच होता. लीगच्या तळाशीं राहिलेल्या संघांनीं दर वर्षीं पुन्हा निवडून येण्यासाठीं अर्ज करावा, बाहेरच्यांनींही अर्ज करावा, आणि मत द्यावें तें लीगमधल्याच संघांनीं, अशी ती रीत होती. आपल्याच पंगतीस बसलेल्याला उठवावयास कोण राजी होणार? त्यामुळें बाहेरचा संघ कितीही चांगला असला तरी बहुधा बाहेरच राही. शेवटीं १९७९ सालीं बाहेरच्या चांगल्या संघांची एक देशव्यापी साखळी झाली, व १९८७ सालीं तींतील विजेता स्कारबरो हा संघ कोणाच्या मताची याचना न करितां, केवळ खेळाच्या बळावर, वर गेला. आज त्या पांचव्या पायरीवर २४ संघ आहेत व दर वर्षीं त्यांतील दोन वर चढतात. तिच्याखालीं सहावी, सातवी, आठवी अशा पायऱ्या उतरत उतरत थेट जिल्ह्याच्या व खेड्याच्या संघांपर्यंत जातात. खालच्यानें चढावें व वरच्यानें उतरावें, असा हा एकच जिना आहे.

हंगाम ऑगस्टमध्यें सुरू होतो. १८७१ सालीं सुरू झालेल्या एफ. ए. चषकाच्या पहिल्या फेऱ्याही त्याच सुमारास असतात. बडे संघ त्या स्पर्धेंत जानेवारींत उतरतात, आणि तोंपर्यंत लहान संघांच्या कितीतरी फेऱ्या होऊन बहुतेक जण घरीं गेलेले असतात. डिसेंबर आला कीं खरी परीक्षा. पाऊस, धुकें, आणि त्यावर गोठलेली जमीन. सामन्याच्या सकाळीं पंच येऊन मैदान पाहातो व पुष्कळदां खेळ तहकूब करितो. तहकूब झालेले हे सामने एप्रिलमध्यें सावकाराच्या देण्यासारखे एकदम अंगावर येतात. मग आठवड्यांत तीन तीन सामने खेळावे लागतात. खालच्या पायऱ्यांवरील खेळाडू दिवसां कोणी सुतार, कोणी टपालवाला, कोणी शिक्षक असतो. सराव आठवड्यांतून दोन संध्याकाळीं. मैदानावरील पांढऱ्या रेघा आंखणें, दारावर तिकिटें देणें, चहा विकणें हीं कामें गांवकरी बिनमोल करितात.

अशा संघाच्या वांट्यास जो मोठ्यांत मोठा दिवस येऊं शकतो तो ५ फेब्रुवारी १९७२ रोजीं हेरफर्ड गांवच्या वांट्यास आला. लीगबाहेरचा हा संघ न्यूकॅसल या पहिल्या श्रेणींतील संघाशीं त्यांच्या मैदानावर २-२ असा बरोबरींत सुटला होता. फेरसामना पावसामुळें पुनःपुन्हा पुढें ढकलला जाऊन अखेर चिखलानें माखलेल्या मैदानावर झाला. संपावयास थोडीं मिनिटें उरलीं असतां न्यूकॅसलनें गोल केला. त्यानंतर रॉनी रॅडफर्ड या खेळाडूनें, जो पेशानें सुतार होता, फार दुरून मारलेला चेंडू जाळ्यांत गेला. जादा वेळांत रिकी जॉर्ज यानें दुसरा गोल केला व हेरफर्ड २-१ नें जिंकलें. त्याच उन्हाळ्यांत मतदानानें हेरफर्डला लीगमध्यें जागा मिळाली. गोष्ट येथें संपविली असती तर ऐकावयास गोड लागली असती. परंतु पुढें संघ कर्जांत बुडाला आणि डिसेंबर २०१४ मध्यें न्यायालयाच्या हुकुमानें मोडला गेला. चाहत्यांनीं २०१५ सालीं त्याच मैदानावर नवा संघ उभारला, पार नवव्या पायरीवरून आरंभ केला, व लागोपाठ तीन हंगामांत तीन पायऱ्या चढून दाखविल्या.

हे संघ उगवले कोठून, हें आमच्या वाचकांस विशेष गोड वाटेल. आज जे बडे झाले आहेत त्यांतील कित्येक ख्रिस्ती मंडळींच्या अंगणांत वाढलेले आहेत. एव्हर्टन हा संघ १८७८ सालीं एका मेथडिस्ट मंडळींतून निघाला. ॲस्टन व्हिला १८७४ सालीं वेस्लियन उपासनामंदिराच्या तरुणांनीं काढला. त्यांस उन्हाळ्यांत क्रिकेट होतें, हिंवाळ्यांत कांहीं उद्योग नव्हता. बोल्टनचा संघ शाब्बाथशाळेचा; परंतु पाळकसाहेबांच्या हजेरीवांचून सभा भरूं नये असा आग्रह पडल्यामुळें १८७७ सालीं मुलें बाहेर पडलीं, आणि घर नसलेले म्हणून त्यांनीं ‘वाँडरर्स’, म्हणजे भटके, असें नांव घेतलें. पाळकांनीं थोडी माघार घेतली असती तर बरें झालें असतें, असें आमचें मत आहे. हिंदुस्थानांतील मिशन शाळांनींही हा खेळ असाच पसरविला. १८९१ सालीं टिंडल-बिस्को यांनीं श्रीनगरच्या मिशन शाळेंत चामड्याचा चेंडू आणिला, तेव्हां विटाळाच्या भयानें मुलें त्यास शिवेनात. त्यांस मैदानावर लोटण्यासाठीं साहेबांनीं छड्यांचा धाक घातला. हेतु चांगला होता. साधन आम्हांस पसंत नाहीं.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. मुंबईंत १८९१ सालीं रोव्हर्स चषक सुरू झाला, परंतु कित्येक वर्षें तो गोऱ्या पलटणींचाच खेळ होता. १९३७ सालीं बंगलोर मुस्लिम्स या देशी संघानें तो जिंकिला. इंग्लंडांतील लहान संघांशीं ज्याची खरी तुलना होईल असा फुटबॉल मात्र मुंबईंत नव्हे, कोल्हापुरांत आहे.

तेथें संघ उपासनामंदिरांतून निघाले नाहींत, तालमींतून निघाले. ज्या तालमींत आखाड्याची लाल माती व मारुतीची मूर्ति, त्याच तालमीच्या नांवानें फुटबॉलचा संघ असतो. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हीं नांवें तेथील लहान पोर ओळखतें. १९४० सालीं स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही या सर्वांची मध्यवर्ती संस्था. इंग्लंडांत उन्हाळ्याची विश्रांति, तर येथें पावसाळ्याची. गणपति उठले, दिवाळी आटोपली, कीं पेठेपेठेंत संघाची जुळवाजुळव सुरू होते. कारण गणेशोत्सव करणारीं मंडळें व संघ चालविणारीं मंडळें तींच. थंडींत शाहू लीग ही गुणांची साखळी स्पर्धा होते, मग एकामागून एक बाद पद्धतीचे चषक. वळवाचा पाऊस येईपर्यंत शाहू स्टेडियमच्या पायऱ्या दुपारच्या उन्हांत भरलेल्या असतात. सामना शिवाजी पेठ व मंगळवार पेठ यांचा असेल तर त्या दिवशीं शहरांत दुसरा विषय नाहीं.

या प्रेमास एक काळी बाजू आहे. पराभव सहन न होऊन शिवीगाळ व दगडफेक झाल्याचे प्रसंग आले आहेत, आणि मोठ्या सामन्यास पोलीस बंदोबस्तावांचून चालत नाहीं. शिवाय बक्षिसें वाढलीं तसे बाहेरगांवचे, किंबहुना आफ्रिकेंतीलही, खेळाडू पैसे देऊन आणले जाऊं लागले. त्यांच्यामुळें खेळाचा दर्जा उंचावला हें खरें. परंतु ज्या मुलानें दहा वर्षें त्या पेठेंत चेंडू मारला तो बाहेर बसतो. या दोहोंपैकीं कशास महत्त्व द्यावें, हा वाद कोल्हापुरांत मिटलेला नाहीं. आम्हांस विचाराल तर आमचा कौल पेठेंतल्या मुलास.

मुख्य भेद मात्र जिन्याचा आहे. हिंदुस्थानांत आय-लीग २००७ सालीं व इंडियन सुपर लीग २०१४ सालीं सुरू झाली. आणि खालची स्पर्धा जिंकून सुपर लीगमध्यें जाण्याचा मान पंजाबच्या संघास मिळाला तो २०२३ सालीं. कोल्हापूरच्या पेठेचा संघ शाहू लीग जिंकला म्हणून त्यास वरची पायरी आपोआप मिळत नाहीं. पुढच्या वर्षीं तो पुन्हा त्याच मैदानावर, त्याच शेजाऱ्यांशीं खेळतो. वर जातो तो एखादा मुलगा. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा आपल्या देशांत झाली, तींत कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला. संघ जेथल्या तेथें. उलट, जिना आहे म्हणून इंग्लंडांत लोभही आहे: लंडनच्या विंबल्डन भागांतील संघ त्याच्या मालकांनीं दूरच्या मिल्टन कीन्स शहरीं हलविला, तेव्हां चाहत्यांनीं २००२ सालीं आपला स्वतंत्र संघ काढून नवव्या पायरीपासून प्रारंभ केला, आणि २०११ सालीं तो लीगमध्यें पोहोंचविला. पाटाकडील तालीम कोणी विकत घेऊन सोलापुरास नेईल, ही कल्पनाही करवत नाहीं.

जिन्यावर चढण्यास केवळ खेळ पुरत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. किडरमिन्स्टर १९९४ सालीं, मॅक्लेसफील्ड १९९५ सालीं व स्टीव्हनेज १९९६ सालीं आपल्या साखळींत पहिले आले असतांही त्यांस वर घेतलें नाहीं, कारण त्यांचें मैदान व प्रेक्षकांची सोय नियमांत बसत नव्हती. मैदान असणें हीच पहिली पायरी होय. आमच्या वडपे गांवाभोंवतीं हमरस्त्यालगत गोदामें वाढत चाललीं आहेत, आणि मुलांस खेळावयास भातकापणीनंतरचीं खाचरेंच काय तीं उरलीं आहेत. यंदा ज्या खाचरांत मुलांनीं बांबूचे गोल उभे केले त्याच्या एका अंगास गोदामाची भिंत आहे. चेंडू तिच्यावर आपटून परत आला तर तो बाहेर गेला असें मानावयाचें नाहीं, खेळ तसाच चालू ठेवावयाचा, असा नियम मुलांनीं आपसांत ठरविला आहे. आणि आजवर त्यावरून एकही भांडण आमच्यापर्यंत आलेलें नाहीं.