स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल

स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल (एसटीपी) हा इथरनेट स्विचांच्या नेटवर्कमध्ये लूप, म्हणजेच बंद वळसे, निर्माण होऊ न देणारा नियमसंच आहे. त्यामागील अल्गोरिदम रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत तयार केला. १९९० मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.१डी या मानकाद्वारे त्याला अधिकृत रूप दिले.

पार्श्वभूमी

एखादी केबल तुटली तरी संपर्क चालू राहावा, यासाठी स्विचांमध्ये एकाहून अधिक मार्ग ठेवले जातात. मात्र याच जादा मार्गांमुळे लूप तयार होतो. ब्रॉडकास्ट फ्रेम ज्या पोर्टमधून आली, तो वगळून इतर सर्व पोर्टमधून स्विच ती पुढे पाठवतो. आयपी पॅकेटमध्ये प्रत्येक राउटरवर कमी होणारा एक आकडा असतो. तो शून्य झाल्यावर पॅकेट टाकून दिले जाते. इथरनेट फ्रेममध्ये अशी तरतूद नाही. त्यामुळे लूपमध्ये सापडलेली फ्रेम फिरतच राहते, तिच्या प्रती वाढतात आणि अल्पावधीत नेटवर्क ठप्प होते. या स्थितीस ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात.

कार्यपद्धती

स्विच परस्परांना बीपीडीयू नावाचे संदेश पाठवतात. सर्वांत लहान ओळखक्रमांक असलेला स्विच 'रूट ब्रिज' ठरतो. हा क्रमांक प्राधान्यांक आणि मॅक पत्ता मिळून बनतो. प्राधान्यांक सर्वत्र ३२७६८ हाच मूळ आकडा राहिल्यास निवड केवळ मॅक पत्त्यावर होते व एखादा जुना, संथ स्विचही रूट ठरू शकतो. म्हणून मध्यवर्ती स्विचचा प्राधान्यांक मुद्दाम कमी ठेवतात.

इतर प्रत्येक स्विच रूटकडे जाणारा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग निवडतो. जोडणीचा वेग जितका अधिक, तितका तिचा खर्च कमी. लूप घडवणारे उरलेले मार्ग रोखले जातात. रोखलेला पोर्ट माहिती पुढे पाठवत नाही, परंतु बीपीडीयू ऐकत राहतो. चालू मार्ग बंद पडल्यास तो खुला होऊन त्याची जागा घेतो.

मर्यादा व सुधारणा

मूळ प्रोटोकॉलला हा बदल करण्यास ३० ते ५० सेकंद लागतात. २००१ मधील ८०२.१डब्ल्यू मानकातील रॅपिड स्पॅनिंग ट्रीमुळे हा अवधी काही सेकंदांवर, अनेकदा त्याहूनही खाली आला.

मूळ मानकातील वेळमर्यादा नेटवर्कच्या कोणत्याही दोन टोकांमध्ये सातपेक्षा अधिक स्विच नसतील, असे गृहीत धरून ठरवल्या आहेत. नोव्हेंबर २००२ मध्ये बॉस्टनमधील बेथ इस्रायल डीकनेस मेडिकल सेंटर या रुग्णालयाचे नेटवर्क ही मर्यादा ओलांडल्यामुळे कोलमडले. सुमारे चार दिवस तेथील कामकाज कागदावर चालवावे लागले.

व्यवस्थापनाची सोय नसलेल्या साध्या स्विचांमध्ये हा प्रोटोकॉल बहुधा नसतो. अशा स्विचच्या दोन पोर्टमध्ये एकाच केबलची दोन्ही टोके चुकून जोडली गेली, तरी लूप तयार होतो.