ठोशाचे वजन

नायगावपासून विरारपर्यंत आज थोड्या थोड्या अंतरावर एक जिम दिसते. खाली किराणा किंवा मोबाइलचे दुकान, वर काचेआड आरसे, आणि बाहेर फुगलेल्या दंडाचे भलेमोठे चित्र. गेली पंचवीस वर्षे मी वसईत शारीरिक शिक्षण शिकवतो आणि संध्याकाळी मुलामुलींना मुष्टियुद्धाचे धडे देतो. माझ्याकडे येणारी बरीचशी मुले आधी या जिममध्ये जाऊन आलेली असतात. त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: "सर, दंड वाढवला तर पंच वाढेल ना?"

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे आहेत. जुन्या पिढीचे वस्ताद म्हणत, वजने उचलू नकोस, अंग बांधले जाईल, हात जड होतील. जिमवाले म्हणतात, स्नायू म्हणजे ताकद आणि ताकद म्हणजे ठोसा, तेव्हा खा आणि उचल. दोन्ही उत्तरे अर्धी खरी आहेत. सोळा-सतरा वर्षांचे पोर यांतले कोणते मानते, यावर त्याच्या घरचा पैसा कुठे जाणार, त्याचे शरीर कोणत्या वाटेने वाढणार आणि काही वेळा त्याची तब्येत शाबूत राहणार की नाही, हे ठरते. म्हणून हा प्रश्न जरा मुळातून पाहायला हवा.

ठोसा निघतो कुठून?

पाहणाऱ्याला ठोसा हाताचा वाटतो, कारण हातच दिसतो. व्ही. आय. फिलिमोनोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोव्हिएत मुष्टियोद्ध्यांच्या सरळ ठोशाची फोड केली. ते संशोधन 1985 साली इंग्रजीत आले. तयारीच्या योद्ध्यांच्या ठोशात पायाच्या रेट्याचा वाटा सुमारे 38 टक्के, धडाच्या फिरकीचा 37 टक्के आणि हाताचा अवघा 24 टक्के निघाला. शिकाऊ मुलांमध्ये चित्र उलटे होते. पायाचा वाटा 16-17 टक्क्यांवर उतरला आणि हाताचा 38 टक्क्यांवर चढला. थोडक्यात, मुष्टियोद्धा तयार होतो म्हणजे त्याच्या ठोशातले हाताचे काम कमी होत जाते.

हे समजायला अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर पाग फेकणारा कोळी पाहावा. जाळे हातातून सुटते, पण ते फेकले जाते पावलांपासून. आधी टाच वळते, मग कंबर, मग खांदा आणि सर्वांत शेवटी मनगट. नुसत्या हाताने फेकलेला पाग उलगडतच नाही. नुसत्या हाताने मारलेला ठोसाही तसाच, आवाज करतो पण समोरच्याला हलवत नाही.

आता जिममध्ये मुले सर्वाधिक वेळ कशाला देतात? दंडाच्या पुढच्या स्नायूला. हा स्नायू कोपर मिटवतो. सरळ ठोशात तर कोपर उघडायचे असते. बाजूने मारायच्या ठोशात कोपर वाकलेले आणि घट्ट राहावे लागते, तिथे हा स्नायू उपयोगी पडतो, नाही असे नाही. पण सरळ ठोशाची खरी भिस्त पोटऱ्या, मांड्या, नितंब, पोटाचे तिरके स्नायू, बरगड्यांवरून पुढे येणारा स्नायू आणि दंडाची मागची बाजू यांच्यावर आहे. त्यातले बहुतेक आरशात दिसत नाहीत, म्हणून उपेक्षित राहतात. आपल्या तालमींतल्या जोर-बैठकांमध्ये बैठकांचा आकडा नेहमी मोठा का असे, याचे कारण यात सापडावे.

वस्तुमान आणि वेग

शाळेतले भौतिकशास्त्र सांगते की टक्कर किती जोराची, हे आदळणाऱ्या वस्तूच्या वस्तुमानावर आणि वेगावर ठरते. मग जड हात चांगला की वेगवान हात? 2005 साली वॉलिल्को आणि सहकाऱ्यांनी ऑलिंपिक दर्जाच्या सात मुष्टियोद्ध्यांचे ठोसे मोजले. त्यांत हलक्या गटापासून सर्वांत जड गटापर्यंतचे खेळाडू होते. सरासरी बल सुमारे 3,400 न्यूटन आणि मुठीचा वेग सेकंदाला सुमारे 9 मीटर भरला. ठोशामागचे 'परिणामी वस्तुमान' सरासरी 2.9 किलो निघाले.

परिणामी वस्तुमान म्हणजे काय? दांडा सैल झालेल्या घणाने दगड फोडून पाहा. घणाचे वजन तेच असते, पण दगडाला ते पुरते पोचत नाही. मनगट, कोपर, खांदा आणि कंबर आघाताच्या क्षणी एकसंध असतील, तर मुठीमागे शरीराचा मोठा भाग उभा राहतो. सैल असतील तर नुसती मूठ आदळते. वॉलिल्को यांच्या मोजणीत जड गटांचे ठोसे अधिक बलाचे ठरले, आणि त्याचे मुख्य कारण हे परिणामी वस्तुमान होते. म्हणजे आकाराचा फायदा होतो, हे कबूल करायलाच हवे. मुष्टियुद्धात वजनगट आहेत तेही याचसाठी.

पण एक सोपा हिशेब मांडू. समजा स्नायू वाढवून एखाद्याने परिणामी वस्तुमान 10 टक्क्यांनी वाढवले आणि त्या भारामुळे हाताचा वेग 5 टक्क्यांनी घटला. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. तो साडेचार टक्क्यांनी वाढेल. गतिज ऊर्जेत मात्र वेगाचा वर्ग येतो, त्यामुळे ती होती तिथेच, किंचित कमीच राहील. शिवाय हळू आलेला ठोसा समोरच्याला दिसतो आणि चुकवता येतो. तोच स्नायू पायात आणि धडात वाढला, हाताचा वेग घटला नाही, तर दोन्ही बाजूंनी नफा. किती किलो वाढले यापेक्षा ते कुठे वाढले, हे म्हणूनच आधी विचारावे.

वेगासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे सैल सोडता येणे. पाठीच्या कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी 2010 साली कसलेल्या लढवय्यांच्या स्नायूंतले विद्युत्संकेत तपासले. त्यांत दोन शिखरे दिसली. प्रहार सुरू होताना स्नायू ताठ होतात, मधल्या वाटेत सैल पडतात आणि आदळताना पुन्हा ताठ होतात. मधल्या सैलपणात वेग मिळतो, शेवटच्या ताठपणात वस्तुमान. जुने वस्ताद ज्याला 'अंग बांधले जाणे' म्हणत, ते हा मधला सैलपणा हरवणे असावे. वजन उचलल्यामुळे तो आपोआप हरवत नाही. वर्षभर फक्त सावकाश, स्नायू थकवणाऱ्या आवृत्त्या केल्या आणि ठोशाचा सराव सोडला, तर हरवतो.

आकार म्हणजे बळ नव्हे

स्नायूचे बळ साधारणपणे त्याच्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, म्हणून मोठा स्नायू अधिक जोर लावू शकतो. पण तो जोर गाठायला वेळ लागतो. पूर्ण ताकद उभी राहायला सेकंदाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक वेळ जातो, आणि ठोसा तेवढे थांबत नाही. तेव्हा कमाल ताकद किती, याइतकेच ती किती झटकन उभी राहते, हेही महत्त्वाचे. हे काम मेंदू आणि मज्जातंतूंचे आहे. वजने उचलायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, पण दंडाचे माप फारसे बदलत नाही. त्याचे कारणही हेच: शरीर आहेत ते स्नायू अधिक चांगले वापरायला शिकलेले असते.

2000 साली ब्रिटनमधील स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 23 मुष्टियोद्ध्यांच्या मागच्या हाताचे ठोसे मोजले. अव्वल गटाचा ठोसा सुमारे 4,800 न्यूटन, मधल्यांचा 3,700 आणि नवशिक्यांचा 2,400 न्यूटनच्या आसपास होता. म्हणजे दुप्पट फरक. हे गट अनुभवावरून पाडले होते, दंडाच्या मापावरून नव्हे.

वजनगटाचा जमाखर्च

इथवरचा विचार प्रयोगशाळेतला झाला. रिंगणात उतरायच्या आधी खेळाडू काट्यावर उभा राहतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या सकाळी 50 किलोच्या मर्यादेपेक्षा 100 ग्रॅमने अधिक भरली आणि बाद ठरली. तो खेळ कुस्तीचा, पण मुष्टियुद्धातही काटा तितकाच निर्दय असतो. वाढवलेला प्रत्येक किलो एक तर चरबी किंवा पाणी घटवून भरून काढावा लागतो, नाहीतर वरच्या गटात जावे लागते. आणि वरच्या गटात उभा असलेला प्रतिस्पर्धी नुसत्या स्नायूंनी मोठा नसतो. त्याची हाडे लांब असतात. दंड वाढवता येतो, हाताची लांबी वाढवता येत नाही.

मेरी कोमने 45, 46 आणि 48 किलो गटांत जगज्जेतेपदे मिळवली. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा सर्वांत हलका गट 51 किलोचा होता, म्हणून तिला वर जाणे भाग पडले. स्वतःहून मोठ्या मुलींशी लढून तिने कांस्यपदक आणले, ते चपळाई आणि पदन्यासाच्या बळावर. लव्हलिना बोर्गोहेनने टोकियोत 69 किलोत कांस्य मिळवले. पॅरिससाठी तो गट उरला नाही, ती 75 किलोत गेली आणि 2023 साली दिल्लीत त्या गटाची जगज्जेती झाली. लव्हलिना मुळात उंच. तिच्या सांगाड्यावर वाढलेले किलो मावले.

मराठी मुलखातले उदाहरण खाशाबा जाधवांचे. 1948 साली लंडनमध्ये ते 52 किलो गटात सहावे आले, तर 1952 साली हेलसिंकीत 57 किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्यांचा हातखंडा डाव ढाक. त्यातही प्रतिस्पर्धी उचलला जातो तो कमरेच्या फिरकीने.

वजनमर्यादाच नसलेल्या सर्वांत जड गटात तरी आकार राजा असावा ना? अँथनी जोशुआ जून 2019 मध्ये सुमारे 112 किलो वजनाने लढला आणि अँडी रुईझकडून हरला. डिसेंबरच्या परतलढतीत तो 108 किलोवर आला, हलक्या पायांनी सारे फेरे खेळला आणि गुणांवर जिंकला. उलट रुईझ जवळपास सात किलो वाढवून आला होता. एका लढतीवरून नियम काढू नये, पण शेवटच्या फेरीपर्यंत टिकणारा ठोसाच खरा, हे त्यातून दिसते. मोठा स्नायू प्राणवायूही अधिक मागतो, आणि वसईच्या दमट हवेत तिसऱ्या फेरीत खाली आलेले हात मी पुष्कळ पाहिले आहेत.

मग मुलांना काय सांगावे?

माझ्याकडचा एक मुलगा वर्षभरात जिममध्ये पाच किलोंनी वाढला आणि एक गट वर गेला. दंड देखणे झाले, पण समोर वीतभर उंच मुले आली आणि त्याचे ठोसे त्यांच्यापर्यंत पोचेनात. पुढचे वर्ष आम्ही बैठका, उड्या, जड चेंडू भिंतीवर फेकणे आणि कमी आवृत्त्यांची वजने यांवर घालवले. वजन जवळपास तेच राहिले, पण सरावाची पिशवी धरणाऱ्याला फरक कळू लागला.

क्रम हाच असावा. आधी तंत्र, मग ताकद, मग ताकदीचा वेग आणि सर्वांत शेवटी, सांगाड्यात जागा असेल तर, आकार. वाढत्या वयाच्या मुलाला पोटभर भाकरी, डाळ, अंडी, मासळी मिळाली तर आकार बराचसा आपोआप येतो. त्याला घाई केली की डब्यांमागून गोळ्या आणि इंजेक्शने येतात. कोवळ्या वयात घेतलेली ही संप्रेरके हाडांची वाढ लवकर थांबवतात. ज्या खेळात हाताची लांबी मोलाची, त्यात ही केवढी उलटी गंगा! स्नायू वाढतात त्या वेगाने कंडरा वाढत नाहीत, हृदयावर ताण येतो तो वेगळा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या 2022 च्या आकड्यांत, दोन हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्ये दोषी नमुन्यांचे प्रमाण सर्वाधिक भारताचे होते, तीन टक्क्यांहून अधिक. हा आकडा खेळाडूंचा आहे. गल्लीतल्या जिमचे नमुने कोणी घेत नाही.

तेव्हा स्नायूंचा आकार ठोशाला मारक नाही आणि तारकही नाही. तो भांडवलासारखा आहे: योग्य जागी गुंतवला, झटकन वापरता आला आणि काट्यावर परवडला, तर फळतो, नाहीतर नुसते व्याज भरायला लावतो. पालकांनी मुलाच्या दंडाला फीत लावण्याआधी त्याची मागची टाच ठोसा मारताना वळते की नाही, एवढे पाहावे. त्याला पैसा पडत नाही, आणि निम्मे उत्तर तिथेच मिळते.