वीज गेली तर जबाब कुणाला विचारायचा? केंद्र आणि राज्य यांची कामे समजून घ्या

१२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ मुंबईकर विसरलेले नाहीत. दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, ऐन कोरोनात दवाखाने जनरेटरवर आले. मग वाद सुरू झाला, चूक केंद्राची की राज्याची?

राज्यघटनेत वीज समवर्ती सूचीत आहे, म्हणजे विषय दोघांचाही. पण संकटात कामे वाटलेली असतात.

केंद्राचे काम

देशभराचे ग्रिड सांभाळणे. दिल्लीचे राष्ट्रीय भार प्रेषण केंद्र आणि पाच विभागीय केंद्रे चोवीस तास नजर ठेवतात. एखादे राज्य वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत असेल तर ‘कमी करा’ असा आदेश देतात. तो पाळावाच लागतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला अशाच ओढाताणीत उत्तर व पूर्व भारतातले ग्रिड कोसळले. ६० कोटींहून जास्त लोक अंधारात गेले. महाराष्ट्र वाचला.

इंधनाची काळजीही केंद्राला घ्यावी लागते. कोळशाची टंचाई झाली तेव्हा मे २०२२ मध्ये केंद्राने वीज कायद्याचे कलम ११ वापरून आयात कोळशावरचे प्रकल्प पूर्ण क्षमतेने चालवायला लावले.

राज्याचे काम

मिळालेली वीज कुणाला आणि कशी द्यायची, हे राज्यात ठरते. तुटवडा असेल तर महावितरण भारनियमन करते. त्यासाठी फीडरचे ए ते जी-३ असे गट आहेत. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे वीज आधी जाते. त्यामुळे दर महिन्याला बिल भरणाऱ्याच्या घरीही पंखा बंद पडतो. एप्रिल २०२२ मध्ये, ऐन रमजानात, राज्यात अनेकांनी हे सोसले.

मुंबईसाठी ‘आयलंडिंग’ची सोय आहे. बाहेरचे ग्रिड बिघडले की शहराने स्वतःला वेगळे करून आपल्या वीजकेंद्रांवर चालायचे. राज्य भार प्रेषण केंद्र आणि शहरातल्या वीज कंपन्यांनी ती मिळून चालवायची असते. २०२० मध्ये नेमकी तीच कोलमडली.

आपण काय करायचे?

कोळसा नाही, ग्रिड पडले, तर प्रश्न खासदाराला विचारा. आपल्याच मोहल्ल्यात वीज का जाते, हे आमदाराला आणि महावितरणला विचारा. आपला फीडर कोणत्या गटात आहे, हे लेखी मागा. तक्रारीसाठी १९१२ आहेच. घरात ऑक्सिजन मशीनवर पेशंट असेल तर बॅटरीची सोय आधीच करून ठेवा.