मासा माशीला खालून बघतो

मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात नद्यांमध्ये मासेमारीला बंदी असते. हे माशांच्या विणीचे दिवस. आमच्या मोहगावच्या बाजूला कन्हान आणि जामही तेव्हा गढूळ होऊन वाहत असतात. पोळा येईपर्यंत गळ भिंतीला टांगलेला बरा. मी हे दोन महिने घरी बसून माश्या बांधतो.

माश्या म्हणजे गळावर दोरा, पीस आणि बारीक तार गुंडाळून केलेले नकली किडे. फ्लाय फिशिंगमध्ये गांडूळ किंवा कणकेची गोळी लागत नाही, ही माशीच आमिष असते. बोटभरही नसलेला गळ हातात धरून हे काम होत नाही, म्हणून तो छोट्या व्हाइसमध्ये पकडतात. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये व्हाइसवर लोखंड घासलेल्यांना हे यंत्र लगेच समजेल. साध्या व्हाइसमध्ये गळ स्थिर असतो आणि आपला हात त्याच्याभोवती फिरतो. फिरत्या व्हाइसमध्ये आपण दांडा फिरवतो आणि गळच गोल फिरतो.

आईला शिलाई मशीनवर बॉबिन भरताना पाहिलंय ना? बॉबिन फिरते, आई फक्त दोरा धरून असते, आणि दोरा सारखा भरत जातो. इथेही तेच. एका हाताने तार धरायची, दुसऱ्याने दांडा फिरवायचा. तारेच्या वेढ्यांमधलं अंतर समान पडतं.

मात्र एक अट आहे. गळाची सरळ दांडी व्हाइसच्या आसाच्या रेषेतच हवी. गळ लावल्यावर आधी रिकामाच फिरवून बघा. दांडी एका जागी फिरली तर ठीक. वरखाली डुलली तर जबडा सरकवून पुन्हा लावा. बांधायच्या दोऱ्याची रिळही आसाच्या रेषेत आधारावर टेकवून ठेवा, नाहीतर तोही गळाभोवती गुंडाळत जातो.

पण माझ्या मते या व्हाइसचा खरा फायदा वेग नाही. आपण माशी वरून आणि समोरून बघत बांधतो. मासा तिला बहुतेक वेळा खालून बघतो. साध्या व्हाइसवर पोटाची बाजू बघायला मान वाकडी करावी लागते, म्हणून ती बघितलीच जात नाही. इथे अर्धा फेरा दिला की पोट समोर! सुटलेला दोरा, एका बाजूला कललेलं पीस, सगळं दिसतं आणि तिथेच दुरुस्त होतं. कोड लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: वापरणाऱ्याच्या बाजूने बघितल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

सामान फार लागत नाही. गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं उत्तम. भारतातल्या कोंबड्यांची पिसं माश्या बांधण्यासाठी परदेशातही गेली आहेत. सातपुड्यातल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरच्या ठिपकेदार पिसांना जुन्या इंग्रजी माश्यांमध्ये मोठा मान होता. मात्र तो पक्षी 1972च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. त्याचं पीस कोणी दिलं तरी घेऊ नका.

बांधायला बसण्याआधी गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. गळ तुटायचाच असेल तर तेव्हाच तुटेल, मेहनत वाया जाणार नाही. शिवाय सपाट काटा माशाच्या तोंडातून सहज निघतो आणि मासा जिवंत परत सोडता येतो. हे महत्त्वाचं आहे. महासीर, नर्मदाकाठचा बाडस, 2011 पासून मध्य प्रदेशचा राज्यमासा आहे. धरणं, वाळूउपसा आणि बेसुमार मासेमारी यांमुळे नर्मदेत तो फार कमी उरलाय. आपल्या मुलांनी तो फक्त चित्रात बघावा असं वाटत नसेल, तर पकडणाऱ्यानेच आधी सोडायला शिकायला हवं.

यंदा पावसाळ्यात मुलांना सोबत बसवा. दांडा फिरवायचं काम त्यांना द्या, तार तुम्ही धरा. आणि प्रत्येक माशी डबीत ठेवण्याआधी एकदा उलटी करून त्यांना विचारा, "मासा फसेल का?"